मंदाताईंनी मागितलेलं घर

सही टाळायला माणसाला किती कारणं सापडू शकतात हे ज्याला शिकायचं असेल, त्याने बडोद्याच्या मंदाताई मोहित्यांकडे शिकवणी लावावी. ऑगस्टमध्ये त्या नवऱ्याबरोबर, गजेंद्ररावांबरोबर, अमेरिकेत मुलाकडे उतरल्या, आणि पहिल्याच आठवड्यात मुलाने, अमोघने, कागद पुढे केले. मंदाताई म्हणाल्या, नंबर वाढलाय वाटतं, अक्षरं नाचतायत. नवा चष्मा येईपर्यंत पितृपक्ष लागला. पितृपक्षात घराच्या कागदावर कुणी सही करतं का? मग नवरात्र आलं. देव बसलेले असताना असली कामं नकोत. दसऱ्याला मात्र पंचाईत झाली. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक, त्या दिवशी 'आज नको' म्हणायची सोयच नाही. तेव्हा मंदाताईंच्या पोटात दुखायला लागलं, आणि दोन वाट्या श्रीखंड खाऊनही ते दिवसभर दुखत राहिलं.

कागद होते बडोद्यातलं, समा भागातलं घर विकायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बसायला ओटला, मागे शेवगा. गजेंद्रराव रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर होते तेव्हा सोसायटीत मिळालेलं, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर असलेलं. गेल्या वर्षी गजेंद्ररावांना हृदयविकाराचा झटका आला, अमोघ धावत आला, आणि परत जाताना ठरवूनच गेला की आता आईबाबांनी तिथं एकटं राहायचं नाही. फोनवर गजेंद्ररावांनी चहाच्या दोन घोटांमध्ये 'बरं' म्हणून टाकलं. बायकोला विचारायचं असतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. डभोईचा एक धान्याचा व्यापारी घ्यायला तयार होता. तो म्हणे ते पाडून तीन मजली बांधणार होता.

मंदाताई मूग गिळून बसल्या. एरवी त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत, भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कुणालाही तोंडावर ऐकवतील. पण मुलगा इतक्या मायेने ये म्हणतोय, नात गळ्यात पडतेय, आणि आपला जीव अडकलाय चार भिंतींत, हे बोलून कसं दाखवायचं? त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. बरं, नुसत्या भिंतीही नव्हत्या त्या. समाला त्रेसष्टाव्या वर्षीही त्या स्वतःची स्कूटर काढून मांडवीच्या बाजारात जात, भाव करत, ओळखीच्या चार जणींना भेटत आणि मन मानेल तेव्हा परत येत. इथं दूध आणायचं तरी कुणाच्या तरी गाडीत मागे बसायचं. दोन महिन्यांत त्या एकट्याने कुठं गेल्या असतील तर पत्रांच्या डब्यापर्यंत.

आता सोमवारी अमोघने मुद्दाम रजा घेतली होती. मुखत्यारपत्रावर सह्या, की मग बाकीचं सगळं बडोद्यात परस्पर होणार. आणि त्याआधी आईला जरा बरं वाटावं म्हणून शनिवार-रविवार सहल काढली होती, दगडी कमानींचं राष्ट्रीय उद्यान बघायला. सॉल्ट लेक सिटीपासून चार तासांचा रस्ता.

"आई, तुम्ही बघाच," सून श्रद्धा गाडीत म्हणाली. "वाऱ्यापावसाने आपोआप झालेल्या कमानी आहेत. हजारोंनी."

"मांडवीला चारी बाजूंनी कमानी आहेत," मंदाताई म्हणाल्या. "जन्मभर खालून गेले, कुणी तिकीट नाही मागितलं."

गजेंद्रराव हसले. हसताना त्यांचा हात लिल्या चिवड्याच्या, बडोद्याच्या त्या ओलसर बटाट्याच्या चिवड्याच्या, डब्यात होता. बडोद्याहून सहा पाकिटं आणली होती, त्यातलं हे शेवटचं.

पण खोटं कशाला बोला, उद्यानात शिरल्यावर मंदाताईंचं तोंड बंद झालं. सगळा मुलूख गेरूने सारवल्यासारखा लाल. झाड म्हणावं तर गुडघ्याएवढी झुडपं, आणि त्यातून उठलेल्या दगडाच्या उंचच उंच भिंती. कुठं भिंतीला आरपार भोक, कुठं नुसताच खांब आणि त्याच्या डोक्यावर तोल सांभाळून बसलेला धोंडा. आभाळ तर इतकं निळं, की नातीच्या, वैष्णवीच्या, रंगपेटीतलंच वाटावं. "अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या, पण ते तीनदा म्हणाल्या.

मोठ्या कमानीपर्यंत दीड मैलांचा चढ होता. अमोघ हळूच म्हणाला, "आई, गुडघ्यांचं बघ हं. नाहीतर तू आणि बाबा इथंच सावलीत बसा."

"पावागड चढलेय मी, तुला कडेवर घेऊन," मंदाताईंनी कमरेला ओढणी खोचली. "तेव्हा रोपवेसुद्धा भरवशाचा नव्हता. चल ने!"

आणि वरात निघाली. पुढे अमोघ, त्याच्या मागे उड्या मारत नऊ वर्षांची वैष्णवी आणि तिच्यावर ओरडत श्रद्धा. मध्ये दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन मंदाताई. शेवटी गजेंद्रराव. ते शेवटी होते ते काही हृदयामुळे नाही, डॉक्टरांनी त्यांना रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं होतं आणि ते चालतही होते. ते मागे राहत होते पाट्यांमुळे. चौतीस वर्षं रिफायनरीत पाट्या लावणारा माणूस, वाटेतली एकही पाटी पूर्ण वाचल्याशिवाय पुढे सरकेना. सापांची पाटी वाचली, पाण्याची वाचली, शेवाळाची वाचली. मंदाताईंनी एकही वाचली नाही. पाट्या वाचायला नवरा होता, आणि जे वाचेल ते सगळं तो रात्रीपर्यंत ऐकवणार हे ठरलेलंच होतं.

अर्ध्या वाटेवर माती संपली आणि नुसता उघडा कातळ लागला. मैदानासारखा रुंद, वर चढत गेलेला. त्यावर ना पाऊलवाट ना रेघ. पुढची मंडळी एका वळणाआड गेली होती, मागे गजेंद्रराव पाटीसमोर उभे होते. मंदाताई दम खायला थांबल्या, आणि त्यांना ते दिसलं.

कातळावर कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवला होता. खाली मोठा, वर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. पोरं लगोरी रचतात तशी उतरंड. थोडं पुढे आणखी एक. त्याच्याही पुढे तिसरी.

मंदाताई हरखल्या. इथंही! पावागडाच्या वाटेवर अशाच उतरंडी असतात. ज्याला घर हवं असतं तो देवीला सांगतो आणि दगडावर दगड रचतो, जेवढे मजले हवेत तेवढे दगड. चौतीस वर्षांपूर्वी क्वार्टरच्या एका खोलीत राहत असताना मंदाताईंनी तिथं घर मागितलं होतं, आणि दीड वर्षाच्या आत समाच्या सोसायटीत नंबर लागला होता. गजेंद्रराव म्हणायचे नंबर माझ्या अर्जामुळे लागला. म्हणोत बापडे.

'बिचारी माणसं,' मंदाताईंना वाटलं. अमोघ नेहमी सांगायचा, इकडे घरांच्या किमती आभाळाला टेकल्यात, तरुण पोरांना घर घेणं होत नाही. तर ही पोरं इथं येऊन मागतात होय! देवी कुठली असेल कोण जाणे, पण एवढ्या लोकांनी मागितलंय म्हणजे जागृत असणार. त्यांनी पहिल्या उतरंडीला वाकून हात जोडले.

हात जोडले आणि मनात विचार आला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्याच्या मागण्याला आपला धक्का लागू नये म्हणून त्या डावीकडे सरकल्या, पंधरावीस पावलं. तिथं कातळाच्या कडेला छान चपटे दगड पडले होते. काठ्या बाजूला ठेवून त्या खाली बसल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली तिकडे लक्ष दिलं नाही. पाया रुंद घेतला. त्यावर दुसरा दगड. खरं तर त्यांचं घर बैठं, तिथंच थांबायला हवं होतं. पण हात थांबेना. अमोघ, श्रद्धा, वैष्णवी आली तर कुठं झोपतील? म्हणून त्यांनी वर आणखी दोन चढवले, आणि शोभेला एक छोटा लाल खडा. चांगली गुडघ्याच्या वर आली उतरंड. बाकीच्यांपेक्षा त्यांचीच जास्त देखणी दिसत होती, हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं.

"आई, नवीन काही नको," डोळे मिटून त्या देवीला म्हणाल्या. "आहे तेच माझं राहू दे. आणि सोमवारचं काहीतरी बघ."

मग त्या उठल्या, समोरून येणाऱ्या लोकांच्या अंदाजाने परत वाटेला लागल्या आणि वळणापलीकडे सावलीत बसलेल्या मंडळींना जाऊन मिळाल्या. अंगात वीज शिरल्यासारखं झालं होतं. वैष्णवीला त्यांनी थेपल्याची गुंडाळी दिली, स्वतः दोन खाल्ल्या.

"आबा कुठे आहेत?" वैष्णवीने विचारलं.

"पाटी वाचतायत."

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. एवढी मोठी पाटी तर कुठं नव्हती. अमोघने फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. त्याचा चेहरा उतरत चालला. मंदाताईंनी तो चेहरा मागे एकदाच पाहिला होता, गेल्या वर्षी, इस्पितळाच्या दारात टॅक्सीतून उतरताना.

"श्रद्धा, तू वैष्णवीला घेऊन इथंच थांब," तो उठला. मंदाताई काठ्या उचलून मागे निघाल्याच. थांब म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

कातळावर गजेंद्रराव नव्हते. पाटीपाशी नव्हते. अमोघ धावत खाली जाऊन आला, कपाळावर घाम, ओठ कोरडे. "वाटेवर कुणीच नाही, आई. एवढी माणसं मागून येत होती, तीही कुठं दिसत नाहीत." मग त्याची नजर डावीकडे गेली. "अरे हो, इकडून गेले असतील. ही बघ खूण."

त्याने बोट दाखवलं ते मंदाताईंच्या घराकडे.

"खूण?" मंदाताई म्हणाल्या. "कसली खूण?"

"वाटेची! कातळावर वाट दिसत नाही ना, म्हणून उद्यानवाले दगड रचून ठेवतात. त्यांच्या मागोमाग चालत जायचं. तिथं पाटीवर लिहिलंय की."

मंदाताईंच्या पायाखालचा कातळ सरकला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! नवरा पाट्या वाचणारा. पाटीवर लिहिलंय दगडांमागे चला, म्हणजे तो दगडांमागेच चालणार, पुढे दरी असली तरी. त्या काही बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या दोन उंच भिंतींमधून आवाज आला. ओळखीचा, खणखणीत, सभेत बोलावं तसा.

"नो पॅनिक! नो रनिंग! प्लीज सिट इन शेड!"

अमोघ पळाला. मंदाताईही जमेल तेवढ्या पळाल्या. दोन भिंतींच्या मध्ये अरुंद बोळ होता, पुढे जाऊन तो बंदच झाला होता. आणि त्या बंद बोळात, सावलीत, ओळीने बसली होती अकरा माणसं. एक पांढऱ्या केसांचं अमेरिकन जोडपं, कॉलेजातली चार पोरंपोरी, एक बाई तिच्या दोन मुलांसह, आणि न्यू जर्सीहून आलेले मूळचे नडियादचे काका-काकी. समोर गजेंद्रराव उभे. त्यांच्या हातात चिवड्याचा डबा होता आणि तो ओळीने फिरवणं चाललं होतं.

"बाबा!" अमोघने त्यांना मिठीच मारली. छातीला हात लावून पाहिला, नाडी पाहिली. "काही होतंय का? दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय?" गजेंद्रराव म्हणाले. "मी सूचनेप्रमाणे दगडांच्या खुणेने आलो. सगळ्यात ठळक खूण होती. हे लोक माझ्या मागे आले, कारण मी आत्मविश्वासाने चालत होतो. आपल्याकडे तीन पिढ्या फौजेत होत्या, चालण्यात ते दिसतंच. पण पुढे वाट बंद. मग मी नियमाप्रमाणे सगळ्यांना सावलीत बसवलं, पाणी मोजलं आणि मदतीची वाट बघत होतो. परत फिरून आणखी चुकण्यापेक्षा एका जागी थांबावं, हा पहिला नियम."

"अहो, पण परत फिरायचं ना, वीस पावलं!"

"कुठल्या दिशेला वीस? नियम म्हणजे नियम."

नडियादच्या काकी मंदाताईंना बघून उठल्याच. "बेन, तमारा साहेबे तो अमने बराबरना फसाव्या!" त्या हसत म्हणाल्या. "पण चेवडो सरस छे हं!"

मंदाताई हसल्या, पण तोंडातल्या तोंडात. चोराच्या मनात चांदणं. घाईघाईने सगळ्यांना बाहेर काढावं आणि जाता जाता उतरंडीला पायाने हळूच धक्का द्यावा, असा त्यांचा बेत होता. पण बोळाच्या तोंडाशी टोपीवाली रेंजर बाई उभी होती. तरणीताठी, उन्हाने लाल झालेली. तिच्याबरोबर श्रद्धा आणि वैष्णवीही होत्या, रेंजरला वाटेवर त्याच भेटल्या होत्या. रेंजरने माणसं मोजली, सगळे बरे आहेत ना विचारलं, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, आणि श्रद्धाने ते घरच्यांना मराठीत सांगितलं, "काल संध्याकाळी ही खूण इथं नव्हती. हे फार धोक्याचं आहे. उन्हाळा असता तर अशा जागी माणसं आजारी पडली असती. कुणी केलं हे?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या साहजिकच म्होरक्याकडे. रेंजरने गजेंद्ररावांना सौम्य आवाजात, पण चांगलंच सुनवायला सुरुवात केली. चौतीस वर्षं दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस, त्याची मान खाली गेली. तो म्हणालासुद्धा नाही की मी नाही केलं. बहुतेक त्याला खरंच वाटायला लागलं होतं की आपलंच काहीतरी चुकलं असणार.

हे मात्र मंदाताईंना बघवेना.

"ए बाई," त्या पुढे आल्या. "त्यांना बोलू नकोस. मी केलंय ते. मी!"

"आई?" अमोघ म्हणाला.

"मला काय ठाऊक खूण आहे ते! मला वाटलं लोकांनी घरं मागितलीत. पावागडाला मागतात तशी. म्हणून मीही मागितलं. सांग गं श्रद्धा तिला सगळं नीट. वेडी नाहीये म्हणावं मी."

श्रद्धाने सांगितलं. देवी, डोंगर, दगड, घर. अमेरिकन आजोबा तोंड उघडं टाकून ऐकत होते. कॉलेजच्या पोरांपैकी एकीने 'ऑ' केलं. नडियादच्या काकींनी तर मान डोलावून साक्षच दिली, की साव साची वात, अगदी खरं, आम्हीही केलंय. रेंजरने टोपी काढली, कपाळ पुसलं आणि हसू दाबायचा प्रयत्न सोडून दिला.

"ती म्हणतेय," श्रद्धा म्हणाली, "तीसुद्धा भाड्याच्याच खोलीत राहते, तिलाही घर हवंय. पण इथं दगड रचायची परवानगी तिलाही नाही. ही उतरंड उतरवावी लागेल, आणि दगड होते तिथं ठेवावे लागतील."

"पण आई," अमोघ मध्येच म्हणाला, "तू कसलं घर मागितलंस? तुझं तर घर..." आणि तो थांबला. मुलगा हुशार होता, फक्त आईच्या बाबतीत थोडा उशीर लागायचा.

"तेच मागितलं," मंदाताई म्हणाल्या. "समाचं. माझं आहे तेच माझं राहू दे म्हटलं."

बोळातली माणसं आभार मानत, हात हलवत बाहेर पडली. मंदाताई उतरंडीपाशी खाली बसल्या. वैष्णवी शेजारी बसली. लाल खडा आजीने उचलला, नातीने तो झुडपाखाली ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. रेंजर थोडी दूर जाऊन उभी राहिली, वही काढून उगाच काहीतरी लिहू लागली. शेवटचा मोठा दगड सरकवताना मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"हे रान यांचं, इथला नियम यांचा," त्या अमोघकडे न बघता म्हणाल्या. "म्हणून हे मी माझ्या हाताने काढलं. पण समाचं घर कुणाला पाडायला देणार नाही. सोमवारी मी सही करणार नाही. पोट दुखतंय म्हणून नाही, आणि मुहूर्त नाही म्हणूनही नाही. मला करायचीच नाहीये."

"मंदा, जाऊ दे, नंतर बोलू," गजेंद्रराव पुटपुटले.

"नाही जाऊ देत! तुम्ही चहा पिता पिता माझं घर देऊन टाकलंत. विचारलंत मला?"

गजेंद्ररावांनी हातातला डबा खाली ठेवला. "नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकलं माझं." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण हे वाक्य मंदाताई त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांचा राग निम्मा तिथंच उतरला.

अमोघ कातळावर बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून. "आई, तुला वाटतं मी हौसेने घर विकतोय? बाबांना ॲडमिट केलं तेव्हा मला पोचायला तीस तास लागले. दोहाला पाच तास नुसता बसून होतो. तुला फोन लावतोय, तू उचलत नाहीस. मी विमानतळावरच्या संडासात जाऊन रडलो. मला वाटलं, बाबा गेले आणि मला कुणी सांगत नाहीये."

मंदाताईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी फोन पर्समध्ये होता, आणि पर्स कुणाकडे होती हेही त्यांना आठवत नव्हतं. त्या उठल्या, मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या, लहानपणी घ्यायच्या तसं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. चाळिशीला टेकलेला मुलगा, पण खांद्यावर डोकं ठेवायला त्याने जराही वेळ लावला नाही.

"मला सांगायचं नाहीस का रे?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला आमची काळजी वाटते. तुला भीती वाटते हे नव्हतं कळलं." मग त्या म्हणाल्या, "एक बोलू? राग मानू नकोस. सहा वर्षांत तू एकदाच बडोद्याला आलास. बाप आजारी पडला म्हणून. नऊ दिवस होतास, त्यातले सात इस्पितळाच्या बाकावर. घरी किती जेवलास? दोनदा. तेही उभ्या उभ्या. आता फोन वाजला की तुला धस्स होणारच, कारण बडोदं म्हणजे तुझ्या लेखी आजारपणच झालंय. आम्ही तिथं मरायला टेकून बसलेलो नाही रे, जगतो आहोत. मी स्कूटर चालवते, तुझा बाप सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो. कधीतरी येऊन बघ ना ते. काही झाल्यावर धावत येण्यापेक्षा काही नसताना ये."

 वैष्णवीने पाण्याची बाटली पुढे केली, ती सगळ्यांनी आळीपाळीने प्यायली. रेंजरने लांबून हात केला आणि ती आपल्या कामाला गेली.

"मंदा," गजेंद्रराव जवळ येत म्हणाले, "तुझ्या घराच्या पत्त्यावर आज अकरा पाहुणे आले. सगळा चिवडा संपला. एवढं तरी बघ."

श्रद्धा आधी हसली, मग वैष्णवी, मग मंदाताईंनाही आवरेना. हसत, डोळे पुसत ते पाचजण पुढच्या चढाला लागले. या वेळी सगळे एकत्र, आणि गजेंद्रराव बरोबर मध्ये. प्रत्येक उतरंड आली की ते थांबून विचारत, "ही सरकारी ना? नक्की?"

कडेकडेने एक शेवटचं वळण घेतलं आणि कमान एकदम समोरच आली. एकटीच, कातळाच्या काठावर, पाय फाकून उभी. तिच्यातून पलीकडचे बर्फाचे डोंगर दिसत होते. सूर्य कलला होता आणि दगड आतून पेटल्यासारखा लाल झाला होता. मंदाताई बघतच राहिल्या. मांडवीचं नाव काढायचं त्यांना सुचलं नाही. गजेंद्ररावांनी इकडे तिकडे पाटी शोधली, ती नव्हती, मग तेही नुसते बघत बसले.

खूप वेळाने अमोघ आईच्या शेजारी येऊन टेकला. बूट काढून त्यातली वाळू झटकली, पुन्हा घातला. सोमवारचं त्याने काही काढलं नाही.

"आई, फेब्रुवारीत काय असतं बडोद्यात?"

मंदाताईंनी विचार केला. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेलेली, पतंग उतरलेले. होळी लांब. घरात कुणाचं लग्न नाही, कुणाचं बारसं नाही.

"फेब्रुवारीत?" त्या म्हणाल्या. "काही नसतं."

"काही नसतं कसं?" गजेंद्रराव मध्येच म्हणाले. "पोंक असतो! कोवळ्या ज्वारीचा गरम पोंक आणि लसणाची शेव!"

"तुम्ही गप्प बसा हो!"

अमोघने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि श्रद्धाला हाक मारून सांगितलं, "फेब्रुवारीची तिकिटं बघ गं. तिघांची. महिनाभर राहू."